प्रतीक्षायादीतली एकादशी

१४ ऑगस्ट २०१२ रोजी माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचं चेन्नईच्या रुग्णालयात निधन झालं. यकृत आणि मूत्रपिंडं निकामी झाली होती. प्रत्यारोपणाची तयारी चालू होती, पण ते होऊ शकलं नाही. अवयवासाठी थांबणं म्हणजे काय, हे त्यांच्या बाभळगावनं आणि साऱ्या लातूरनं त्या दिवसांत अनुभवलं.

किडनीची वाट पाहणारा माणूस देवापुढे हात जोडतो, तेव्हा नेमकं काय मागतो? मेंदूमृत दात्याचा अवयव येतो तो कुणाच्या तरी घरात आकांत झाल्यावरच. श्रद्धाळू माणसाला हा प्रश्न आतून पोखरतो. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा इथे आधाराला येतो. मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांचं मंडळ घेतं, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा होतात आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो. तो मृत्यू कुणाच्या नवसानं येत नाही. मागायचंच तर त्या घराला होकार देण्याचं बळ मागावं.

मागण्याहून मोठं काम देह राखण्याचं. नंबर लागला आणि त्याच रात्री अंगात ताप असेल, दाताच्या मुळाशी पू असेल, तर किडनी पुढच्या रुग्णाकडे जाऊ शकते. म्हणून दात आधीच दाखवून घ्यायचे, हिपॅटायटिस बीची लस घ्यायची, तंबाखू सोडायची, झेपेल तेवढं चालायचं, पाणी मोजून प्यायचं. प्रत्यारोपणासाठी जायचं तर नांदेडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे अडीचशे किलोमीटर. रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार, हेही ठरलेलं हवं.

घोडं अडतं ते उपवासाच्या ताटाशी. शेंगदाण्याचं कूट, बटाटा, रताळं, केळं, वर शहाळं. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचतं आणि हृदय अचानक बंद पडू शकतं. अती खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं गीतेचा सहावा अध्याय सांगतो. कुराणानंही आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे. धर्मानं दिलेली ही मोकळीक घरचीच माणसं काढून घेतात: "इतकी वर्षं एकादशी मोडली नाही, आता कशी मोडायची?" ज्या देहात उद्या दुसऱ्याचं दान यायचं आहे, तो जपणं हेच या माणसाचं व्रत आहे.

नांदेड-लातूरकडे ज्या घरात असा रुग्ण असेल, त्या घरानं येत्या एकादशीला नाम जरूर घ्यावं. त्याच्या ताटात मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचंच जेवण, सांगितलेल्या मापात वाढावं.