त्याग मागण्याचा अधिकार

दुसऱ्याकडे त्याग मागण्याचा अधिकार कोणाला असतो? हा प्रश्न मनात आला की मला इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यातले ईम हे खेडे आणि तेथले संत लॉरेन्सचे जुने चर्च आठवते. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तेथे प्लेग शिरला, असे मानतात. पुढल्या वर्षी तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन याने, राजमान्य प्रार्थनाविधी नाकारल्यामुळे पदच्युत झालेल्या थॉमस स्टॅन्लीला बरोबर घेऊन, गावाला विनविले : वेस ओलांडू नका, रोग बाहेर नेऊ नका. गावाने ते मानले. चर्चचे दार बंद झाले, प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली, आप्तांनीच आप्तांना पुरले. सुमारे २६० माणसे गेली.

माँपेसनने आपली मुले मात्र आधीच बाहेरगावी पाठविली होती. पत्नी कॅथरीन त्याच्याजवळ राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. त्या बापाला दोष देण्यास माझे मन धजत नाही. पण गावातल्या इतर लेकरांना कोणी विचारले होते? मोठ्यांनी स्वखुशीने प्राण पणाला लावले. लेकरांचे प्राण त्यांच्याबरोबर ओढले गेले.

म्हणून मला वाटते, असा अधिकार पदाने येत नाही. आपलेही काही पणाला लावले म्हणजे तो थोडा येतो. पुरता कधीच येत नाही.