पाहुणा की गिऱ्हाईक?

पैसे देऊन जातो तो गिऱ्हाईक आणि न देता जातो तो पाहुणा, अशी व्याख्या मी बँकेच्या काउंटरमागे बसून वीस वर्षांत पक्की केली होती. गोव्यातल्या मावशीनं ती एका सुट्टीत मोडीत काढली.

पेडण्याकडे मावशीचं जुनं कौलारू घर आहे. काका गेले, मुलं परदेशी. रिकाम्या पडलेल्या दोन खोल्या ती प्रवाशांना देते. खोलीचे पैसे घेते, सोलकढी मात्र फुकट.

"मावशी, नोंदणी केलीस का गं?" मी विचारलं.

"नोंदणी कसली? हे काय हॉटेल आहे?"

घोटाळा इथंच आहे. गोव्यात पर्यटन-व्यवसायाच्या नोंदणीचा १९८२ चा कायदा आहे. पैसे घेऊन राहायला जागा दिली, मग जेवण घाला अगर घालू नका, कायद्याच्या लेखी ते हॉटेलच. म्हणजे अंगणात तुळस, ओसरीवर झोपाळा आणि न्हाणीघरात तांब्या असला तरी आमची मावशी हॉटेलवाली! यात नवीन काही नाही म्हणा. इंग्रजांनी १८६७ साली केलेल्या कायद्यात सराईवाल्यालाही नाव नोंदवणं भाग होतंच.

मावशीची तोड सोपी होती. आलेल्या मंडळींना ती आधीच पढवून ठेवी, "कुणी विचारलंच, तर मी तुमची मावशी."

त्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. पंचायतीतले एक गृहस्थ घरपट्टीचा कागद घेऊन आले आणि सहज म्हणाले, "पाहुणे वाटतं?"

"हो, भाचा मी यांचा," बाप तत्परतेनं म्हणाला.

त्यांची सहा वर्षांची चिमुरडी मात्र म्हणाली, "खरी मावशी नाही काही! कुणी विचारलं तरच म्हणायचं."

गृहस्थ हसले, चहा प्यायले, गेले. झालं काहीच नाही. पण मावशी रात्री जेवली नाही.

मी तिची समजूत घालायला हिशेब मांडला. नाव नोंदवणं वेगळं, कर भरणं वेगळं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असली, तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. मावशीच्या दोन खोल्या बारा महिने भरल्या तरी तो आकडा गाठणार नव्हता. राहिला आयकर; तो बँकेच्या व्याजावर ती इमानानं भरतेच, त्यात ही मिळकत दाखवायची.

"म्हणजे जो कर मला लागतच नव्हता, तो चुकवायला मी खोटं बोलत होते?"

"अगं, शेजारी तरी कुठं नोंदवतात?" मी म्हणालो. हेच वाक्य एखाद्या खातेदारानं काउंटरवर ऐकवलं असतं, तर मी त्याला ओळखीचे दोन कागद जास्त मागितले असते!

मावशी म्हणाली, "कराचं सोड रे. पाहुणा निघाला की त्याच्या पोराच्या हातावर आपण खाऊ ठेवतो. मी त्या पोरीच्या हातावर काय ठेवलं? खोटं!"

यावर माझ्याकडं हिशेब नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज भरायला घेतला. 'हॉटेल' हा शब्द लिहिताना मावशी दोनदा थांबली, पण लिहिला.

पुण्याची मंडळी निघाली. बापानं पैसे मोजून दिले, मावशीनं मोजून घेतले आणि पोरीच्या हातावर खरीखुरी नारळाची वडी ठेवली. गाडीत बसता बसता पोरगी ओरडली, "येते हं मावशी!"

या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं.