बेटावरचा आजचा दिवस

हे मनन बसून करायचं आहे, हातात कंट्रोलर घेऊन. निन्टेन्डो स्विचवर ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ लावा. हा खेळ २० मार्च २०२० ला आला आणि पाचच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली. दारं बंद असलेल्या त्या दिवसांत जगभरातली माणसं या खेळातल्या बेटांवर झाडं लावत बसली होती. चार कोटींहून जास्त प्रती खपलेल्या या खेळात जिंकायचं मात्र काहीच नाही. एक बेट, एक घर, जास्तीत जास्त दहा शेजारी, आणि शेजारी म्हणजे सगळे प्राणी.

बेटावर पोचलात की काही करू नका. नुसते उभे राहा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटेल. चालायला लागलात की ती नाहीशी होते, थांबलात की पुन्हा दिसते. आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तुमच्या घरी सव्वानऊ झाले असतील तर तिथंही सव्वानऊच झालेत. दुकान सकाळी आठला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. त्यानंतर दुकानदाराला उठवता येत नाही.

आता कान द्या. मागं वाजणारं संगीत दर तासाला बदलतं. आपल्याकडे जसा रागाला प्रहर असतो, तशी इथं प्रत्येक तासाला आपली चाल आहे. या तासाची चाल पूर्ण ऐका. तोवर पाय हलवू नका.

मग समुद्राकाठी जा. पाण्यात एक काळपट सावली फिरताना दिसेल. तिच्या तोंडापुढं पडेल असा गळ टाका आणि डोळे मिटून घ्या. मासा आधी आमिष चाचपतो: टुक. थांबा. पुन्हा टुक. अंगठा बटणावर असू द्या, पण दाबू नका. कधी तो पहिल्याच खेपेला गिळतो, कधी चार वेळा नुसता हुलकावणी देतो. पाचव्या खेपेला मात्र हमखास गिळतो. त्या वेळचा आवाज वेगळा असतो, जड, डुबुक असा. तेव्हाच दाबायचं. टुक ऐकून दाबलंत तर मासा गेला.

मासा मिळाला की निसटला, हे बाजूला राहू द्या. अंगठ्याकडे लक्ष द्या. टुक वाजण्याआधीच तो निघाला होता का? दिवसभरात असा किती वेळा निघतो? समोरचा बोलत असताना, सिग्नल अजून लाल असताना, मोबाइल वाजलाही नसताना? उत्तर शोधू नका. गळ पुन्हा टाका.

पूल बांधायचा असेल तर त्याचे पैसे आज भरता येतात, पूल मात्र उद्या उभा राहतो. बेटाचा दिवस पहाटे पाचला बदलतो. आज लावलेलं रोप मोठं झाड व्हायला काही दिवस घेतं. यातून पळवाट आहे, ती बहुतेकांना ठाऊक असते: कन्सोलचं घड्याळ एक दिवस पुढं सरकवलं की उद्याचा पूल आत्ता मिळतो. तसं केल्याबद्दल कुणी रागावत नाही. वाटलं तर करा. फक्त वाचलेल्या त्या एका दिवसाचं पुढं काय केलंत, ते स्वतःला विचारा.

या खेळाच्या मुळाशी एक आठवण आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ मालिकेचे एक जनक कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबाहून क्योटोला आले. घरची माणसं, मित्र मागं राहिले. माणसांच्या जवळ असण्याचं मोल तेव्हा कळलं, असं त्यांनी पुढं सांगितलं आहे. या मालिकेतला पहिला खेळ जपानमध्ये १४ एप्रिल २००१ ला निन्टेन्डो ६४ वर आला. त्याच्या कार्ट्रिजच्या आतच घड्याळ बसवलं होतं. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी खेळतील, पण गाव एकच असेल, अशी ती रचना होती. मुलांनी दुपारी काय केलं, ते उशिरा घरी आलेल्या बापाला गावात फिरून कळावं.

आजही एका कन्सोलवर एकच बेट असतं. घरात आणखी कुणी खेळत असेल तर एक चक्कर मारा. पाणी घातलेली फुलं चमचमताना दिसतील. ती कुणी घातली असतील? त्या माणसाशी आज किती बोलणं झालं?

आता कर्जाकडे या. बेटाचा कारभार बघणारा टॉम नूक तुम्हाला घर बांधून देतो आणि ९८,००० बेल्सचं कर्ज डोक्यावर ठेवतो. बेल्स हे तिथलं चलन. व्याज नाही, हप्ता नाही, मुदत नाही. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्याला वाचूनच हलकं वाटेल. पण कर्ज फिटलं की घर वाढवण्याचा प्रस्ताव तयारच असतो, आणि पुढचं कर्ज १,९८,००० चं. नको म्हटलं तरी चालतं. तुमचं काही अडत नाही, शेजारी तसेच हसून बोलतात. इथं थोडं रेंगाळा. मोठं घर हवं, हे मनात केव्हा आलं? नूकच्या विचारण्याआधी की नंतर?

कधी महिना-महिना या बेटावर येणं होत नाही. आलात की सगळीकडे तण माजलेलं असतं, घरात झुरळं फिरत असतात. शेजारी ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं विचारतात आणि पुढच्याच वाक्यात नवीन काहीतरी सांगू लागतात. मालिकेतल्या जुन्या खेळांत कुणी कुणी निघूनही जात. इथं आधी विचारतात. तण उपटायला अर्धा तास पुरतो. ज्यांच्याकडे जायचं राहून गेलं आहे, त्यांच्याविषयी मनात जी भीती आहे, ती या अर्ध्या तासाशेजारी ठेवून बघा.

आता उठायची वेळ. इथं खेळ दोन तोंडांनी बोलतो. बेटाची जमीन म्हणते, पुरे. रोज चारेक जीवाश्म सापडतात, ते काढले की आज आणखी नाहीत. प्रत्येक खडक दिवसातून एकदाच माल देतो. पण खेळात तुमच्या हातात एक फोनही दिलेला आहे, आणि तो म्हणतो, आणखी. त्यात ‘नूक माइल्स’ नावाचे गुण मिळवून देणाऱ्या कामांची यादी असते. त्यातलं एक काम झालं की त्याच्या जागी लगेच दुसरं येतं. पाच मासे पकडा. झाले? मग लाकूड तोडा. ही यादी संपत नाही, कारण ती संपू नये अशीच केलेली आहे.

बेट आणि यादी एकाच कंपनीने, एकाच पडद्यावर दिली आहेत. शांत म्हणून नावाजलेला खेळसुद्धा माणसाला पहाटेपर्यंत जागं ठेवू शकतो, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा निवड तुमच्याकडे आहे, खेळाकडे नाही. जमिनीचं ऐका. आजचं खणून झालं, फुलांना पाणी घालून झालं, कुणाशी दोन शब्द बोलून झाले की कन्सोल बंद करा. यादीत दोन कामं राहिली असतील, तर ती राहू द्या.