दोन धनी, एक देह

रग्बी युनियन या धसमुसळ्या खेळात १९९५ साली वेतनास मान्यता मिळाली आणि खेळाडू करारबद्ध झाला. न्यूझीलंडमध्ये अग्रगण्य खेळाडूंचा करार राष्ट्रीय संघटनेशी असतो. फ्रान्समध्ये वेतन क्लब देतो. परंतु जागतिक नियमानुसार ठरलेल्या काळात राष्ट्रीय सामन्यांसाठी त्याला खेळाडू मोकळा करावाच लागतो. म्हणजे दुखापत राष्ट्रासाठी खेळताना व्हावी आणि उणीव क्लबास भासावी!

करार श्रमाचे मोल ठरवितो, निष्ठेचे नव्हे, हे आम्ही वकिलीत नित्य पाहतो. मात्र दोन धनी एकाच देहावर हक्क सांगतात, तेव्हा त्या देहाची काळजी कोणी वाहावयाची? आमच्या मते, जितका ज्याचा हक्क, तितका त्याचा भार. आणि तो करारातच लिहिलेला असावा.