नंदिविशाल आणि बघे

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पाणी चढत गेलं तशी वैनगंगेकाठची गावं एकेक करून उठली. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात अशा दोन-तीन गावांची माणसं एकत्र आणून वसवलेल्या एका नव्या गावाची ही गोष्ट. गाव नवं, शाळा नवी; पोरं मात्र जुन्या गावांच्या टोळ्या घेऊनच वर्गात बसलेली.

जूनमध्ये सातवीत एक मुलगा आला. बाप धिवर, पहाटे डोंगा घेऊन जलाशयात जाणारा. शाळेआधी मुलगा घाटावर बसून मासोळ्या निवडून द्यायचा. पंधरवड्याच्या आत वर्गाने त्याचं बारसं केलं: वासू.

वर्गाच्या मॅडमना वाटलं, लाडाचं नाव असेल. एकदा हजेरी घेताना त्यांनीही त्याला तशीच हाक मारली. वर्ग खदखदून हसला, मॅडमही हसल्या. मुलगा खाली मान घालून ‘हजर’ म्हणाला.

छळ ओळखणं अवघड असतं ते इथेच. मारामारी झाली तर गुडघा फुटतो, बटण तुटतं, कुणीतरी रडतं. इथे यातलं काहीच नव्हतं. पोषण आहाराच्या रांगेत त्याच्या मागे दोन हात जागा मोकळी राहायची. नळावर तो आला की बाकीचे बाजूला व्हायचे. बाकावर शेजारी कुणी बसत नव्हतं, आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, ‘त्यालेच एकटं बसाले आवडते.’ पावसाळा संपेपर्यंत तो आठवड्यातून एखादा दिवस घरीच राहू लागला. गणितात पहिल्या तिघांतला मुलगा, आता सोडवलेलं गणितही हाताने झाकून ठेवायचा.

एक दिवस त्याचं दप्तर बाकावरून पडलं. वह्यांच्या बरोबर कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी बाहेर आली.

‘हे कशाला रे?’

‘काही नाही जी.’

मॅडमनी पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या ऑफिसात बसेनाशा झाल्या. नळापाशी उभ्या राहिल्या, रांगेशी उभ्या राहिल्या. तीन दिवसांत त्यांना सगळं दिसलं. वर्गातला उंच पोरगा नाक दाबायचा; तेवढीच खूण. बाकीचे हसायचे. खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी, जी एरवी मुंगी मेली तरी हळहळणारी, तीही हसायची.

दिवाळीनंतर शाळेने मुलांना पवनीला नेलं. जुना परकोट दाखवला, मग जगन्नाथ टेकडी. १९६९-७० साली इथे उत्खनन झालं आणि टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, हे पोरांना पुस्तकातून ठाऊक होतं. तिथे सावलीत बसवून मॅडमनी जातकातली एक गोष्ट सांगितली.

तक्षशिलेत एका ब्राह्मणाकडे नंदिविशाल नावाचा बैल होता. लेकरासारखा वाढवलेला. मालकाचे उपकार फेडावेत म्हणून बैलच त्याला म्हणाला, ‘पैज लाव, रेती-गोट्यांनी भरलेल्या शंभर गाड्या मी एकटा ओढतो.’ हजार नाण्यांची पैज लागली. गाड्या एकीला एक बांधल्या, नंदिविशालला जुंपलं. ब्राह्मण धुरेवर बसला आणि आसूड उगारून ओरडला, ‘चल रे लबाडा, ओढ!’ बैलाने चारही पाय खांबासारखे रोवले. गाडी तसूभर हलली नाही. ब्राह्मण हजार हरला आणि घरी येऊन तोंड लपवून पडला.

नंदिविशालने त्याला शिंगावर घेतलं नाही, की अपमान गिळूनही घेतला नाही. जवळ जाऊन विचारलं, ‘इतकी वर्षं तुझ्या घरी आहे. कधी एखादं मडकं फोडलं? कुणाला तुडवलं? भलत्या जागी घाण केली? मग मला लबाड का म्हणालास?’ ब्राह्मण वरमला. दुसऱ्यांदा दोन हजारांची पैज लागली, या खेपेला त्याने बैलाला चांगल्या शब्दांनी हाक दिली, आणि शंभर गाड्या हलल्या.

बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती सहा भिक्षूंच्या एका टोळक्यामुळे. ते टोळकं इतर सज्जन भिक्षूंना टोचून बोलायचं. त्यावरून विनयपिटकात नियमच झाला, आणि माणूस माणसाला कशावरून हिणवतो याची दहा कलमं त्यात आली: जन्म, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण, मनातले दोष, घडलेले अपराध, शिवीगाळ. मॅडमनी ही यादी सावकाश वाचली. ‘काम’ या शब्दापाशी उंच पोरगा चपलेने माती उकरू लागला. कुठल्याही शाळेच्या मैदानावर आज जाऊन ऐकावं. या दहांच्या बाहेरचं अकरावं क्वचितच सापडेल.

मग खिडकीजवळच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, पैज पाहाले लोक आले असतीन ना?’

‘आले असतील.’

‘मंग बैलाले लबाड म्हटलं तवा कोनी काहून नाही बोललं?’

बैल जिंकल्यावर लोकांनीही त्याला पैसे दिले, असं जातकात आहे. तो मान खाली घालून उभा होता तेव्हा तेच लोक काय म्हणाले, ते नाही. मॅडम म्हणाल्या, ‘हे तूच शोध.’ ती गप्प झाली. कारण तिला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन प्रश्न होते. हे पुन्हा पुन्हा होतं का? मुद्दाम होतं का? ज्याच्याशी होतं, तो बरोबरीने उलटून बोलू शकतो का? नॉर्वेत डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने छळाची व्याख्या केली, तीही याच तीन गोष्टींवर उभी आहे. दोन मित्र एकमेकांना जाड्या-काड्या म्हणतात ती मस्करी ठरली. उंच पोरगा म्हणाला, ‘आमी बी गंमतच करतो जी.’

‘त्याने कधी तुझी अशी गंमत केली?’

वर्गात कुणी बोललं नाही.

मॅडमनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. दोघांना समोरासमोर उभं करून ‘माफी माग, हात मिळवा’ हा सोहळा केला नाही. अशा वेळी हात मिळतात आणि शाळेबाहेर हिशोब चुकता होतो. त्या दोघांशीही वेगवेगळं बोलल्या. मुलाला विचारलं, ‘तुला काय हवं?’ तो म्हणाला, ‘मले नावानं बोलवा. आन् बाबाले नका सांगू. त्यायले वाटंन त्यायच्या कामानं झालं.’ मॅडम म्हणाल्या, ‘सांगावं तर लागेल. पण काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’ हजेरीच्या वेळी आपणही ते नाव घेतलं, याबद्दल त्यांनी त्याच्याकडे माफी मागितली.

खरी मेहनत त्यांनी घेतली ती हसणाऱ्यांवर. छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो, आणि खेळ चालतो तो उरलेल्या चाळीसांच्या हसण्यावर. कॅनडात शाळेच्या मैदानांवर छळाचे प्रसंग टिपून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बघ्यांपैकी एखादं मूल मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला, असं त्यात दिसलं. म्हणून मॅडमनी मुलांकडून वाक्यं मोठ्याने म्हणून घेतली, पाढे म्हणून घेतात तशी. ‘त्याचं नाव घे.’ ‘हे आम्हाला नाही आवडत.’ बोलायला भीती वाटली तर नुसतं त्याच्याशेजारी जाऊन उभं राहायचं, ‘चल, जेवायला’ म्हणून सोबत न्यायचं. आणि मोठ्यांना सांगायचं. कुणाला मार बसावा म्हणून सांगणं ही चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं चुगली नव्हे, हे त्यांनी अनेकदा घोकवलं.

तक्रारपेटी शाळेत होतीच, पण मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चिठ्ठी टाकणारा कोण हे अख्ख्या शाळेला कळायचं, म्हणून कुणी टाकतच नव्हतं. मुलांच्या सुरक्षेसाठी २०२२ सालच्या शासन निर्णयाप्रमाणे नेमलेली सखी सावित्री समितीही बहुतेक कागदावरच होती. तिची बैठक मॅडमनी मागून घेतली आणि पेटी पाण्याच्या टाकीमागे हलवली.

सगळं एका दिवसात बदललं नाही. उंच पोराने आणखी दोनदा नाक दाबलं. दुसऱ्या खेपेला रांगेतून खिडकीजवळची मुलगी निघाली आणि त्या मोकळ्या दोन हातांत येऊन उभी राहिली. आवाज कापत होता तरी म्हणाली, ‘त्याले नाव हाय.’ तिच्यामागे आणखी दोघं सरकली. नाकावरचा हात खाली आला.

जानेवारीत पेटीत एक चिठ्ठी निघाली. खाली सही नव्हती. ‘नहराच्या पुलावर हायस्कूलची मोठी पोरं मले रोज अडवतात. खिसे तपासतात. कोनाले सांगू नका.’ अक्षर उंच पोराचं होतं. मॅडमनी समितीच्या पालक सदस्याला फोन लावला, पवनीच्या हायस्कूलला निरोप धाडला, आणि शाळा सुटल्यावर स्कूटी नहराच्या रस्त्याने घेतली. पुलाच्या कठड्यावर चौघं बसले होते. मॅडमनी गाडी उभी केली आणि विचारलं, ‘हे रोज चालतं का रे?’