आलेली आणि पोसलेली

परक्या प्रजातींवरची आपल्याकडची चर्चा पहिल्याच प्रश्नापाशी थांबते: ही मूळची कुठली? उत्तर 'दक्षिण अमेरिका' असं आलं की निकाल लागला. मग उपटा, खणा, जाळा. भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी माजलेल्या बेशरम या झुडपाबद्दल हेच ऐकू येतं आणि वैनगंगेवर पसरणाऱ्या जलपर्णीबद्दलही. या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातून आल्या, हे खरं. पण एवढ्यावरून पुढे काय करावं हे कळत नाही, आणि जे केलं जातं ते बहुतेक वाया जातं.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या पिवळ्या मुंगीचं उदाहरण घ्यावं. ही मुंगी त्या बेटावर १९१५ ते १९३४ च्या दरम्यान केव्हातरी जहाजांतून पोचली. पुढची कित्येक दशकं ती तिथे होती आणि कुणाला तिची दखल घ्यावीशी वाटली नाही. तिची पहिली महावसाहत नोंदली गेली ती १९८९ मध्ये. या मुंगीच्या वारुळांत अनेक राण्या नांदतात आणि शेजारची वारुळं एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे वसाहतीला सीमाच उरत नाही. तिनं फॉर्मिक आम्ल फवारून एक कोटीहून अधिक लाल खेकडे मारले. रोपं खाणारे खेकडे गेले, तसं जंगलाचं तळाचं रूपच पालटलं. मधल्या काळात मुंगी बदलली नव्हती. झाडांवर खवलेकीटक वाढले होते आणि त्यांच्या गोड स्रावावर मुंग्यांची चंगळ चालली होती. त्यातला मुख्य कीटक आपल्याकडे पळसावर लाख धरणाऱ्या किड्याचा नातलग. विषारी आमिषं टाकून मुंग्या मरत, पुन्हा वाढत. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियातून आणलेली जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी सोडली गेली. तिचा रोख मुंगीवर नव्हता, त्या कीटकावर होता. या मुंगीचं मूळ आफ्रिकेत की आशियात, यावर आजही एकमत नाही. उपाय ठरवताना त्यावाचून काही अडलं नाही.

तरीही 'परकी म्हणून घातक' हे मत हटत नाही, म्हणून त्याला नीट भिडायला हवं. रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातले मासे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तलावांत ते माणसानं सोडले. भिवापुरी मिरचीचे पूर्वज समुद्रापलीकडचे. उलट पाणकणीस आपलंच, पण गाळ भरलेल्या, राखण सुटलेल्या तलावात तेही पाणी गिळून टाकतं. यावर उत्तर मिळतं की आम्ही सगळ्या परक्यांना नव्हे, फक्त आक्रमक परक्यांना दोष देतो. छान. पण शेकडो परक्यांतली नेमकी हीच, याच तलावात, याच काळात आक्रमक का झाली? हे विचारलं की मूळ गावाचा मुद्दा आपोआप गळतो. शत्रू मागे राहिल्यामुळे परक्या जातीला आयती मोकळीक मिळते, हे मला मान्य आहे. लहान बेटांवर एखादी जात धडधाकट परिसरातही शिरून विध्वंस करू शकते, हेही मान्य. पण मामा तलाव हे बेट नाही. इथे धडधाकट काय उरलं होतं, ते आधी पाहायला हवं.

कोहळी समाजानं गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली ते योग्यच झालं, त्या व्यवस्थेतली वेठ विसरता येत नाही. पण मालकीसोबत राखणही गेली. गाळ साचला, काठ उथळ झाला, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या ओलसर पट्ट्याकडे कुणी फिरकेना. कुंपणासाठी लावलेली बेशरम तिथे उतरली. ती विषारी आहे, म्हणून गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि आजूबाजूचं गवत मात्र फस्त करतात. तिच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी पेरातून मुळं धरतो. म्हणूनच जेसीबीनं केलेली सफाई मला घातक वाटते. ती तिचे तुकडे काठभर पसरवते आणि काठ उभा खणून देवधान, चौरा या स्थानिक पाणवनस्पतींची उथळ जागाच नाहीशी करते. गवत्या मासाही (ग्रास कार्प) पाण्यातलं तण हटवण्यासाठी आणला गेला. तो हायड्रिलासारख्या पाणवनस्पती खातो, म्हणजे मरळ-शिंगीसारख्या माशांचा आसराच खातो.

तणनाशक फवारा म्हणणाऱ्यांनी त्याच तलावाचं पाणी गुरं पितात एवढं आठवावं. बेशरमीपासून काहीतरी बनवून विका म्हणणारे तिची शेतीच करायला सांगत आहेत.

१९९९ पर्यंत भंडाऱ्यातच असलेल्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायका यांनी वेगळा मार्ग धरला. बेशरम मुळासकट काढायची, तलावाचा तळ उन्हाळ्यात नांगरायचा आणि त्याच जागी स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यामुळे बेशरमीला परतायला जागा उरत नाही.

आलेली जात आणि पोसलेली जात यांतला हा फरक जलपर्णीबाबत तर डोळ्यांसमोर आहे. नाग नदी नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणते, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात ते संथावतं आणि जलपर्णी त्यावर पोसली जाते. भंडाऱ्यात यंत्रानं ती कितीही काढा, तिचं खाद्य रोज नागपुरातून येत राहणार. तिच्या निर्मूलनाचा खर्च नागपूरच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या हिशेबात धरला पाहिजे. आणि मामा तलावाच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात गाळाच्या घनमीटरांखाली आणखी दोन ओळी हव्यात: काठावरच्या लागवडीची, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तो काठ राखणाऱ्या ढिवर संस्थेच्या मजुरीची.