विजेची वही

माणसाला कुठल्या वयात कसला नाद लागेल, सांगता येत नाही. कुणी पन्नाशीत पेटी शिकतो, कुणी होमिओपॅथी. मला विजेचा मीटर वाचण्याचा नाद लागला. रोज सकाळी सातला आंघोळ करून मी मीटरसमोर मान वर करून उभा राहतो. लांबून बघणाऱ्यांना वाटतं, सूर्योपासना चाललीय.

या नादाला तात्त्विक बैठक आहे बरं का! आमच्या गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याला, ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशापासून एक युनिट वीज करायची तर अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. हे कळल्यापासून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला की मला कोळशाची घमेली दिसू लागली. लगेच घरात वटहुकूम निघाला. खोलीतून उठलात की बटण बंद. टीव्ही रिमोटनं नव्हे, भिंतीवरच्या बटणानं बंद. ७५ वॅटचे जुने पंखे गेले, ३० वॅटचे आले. आणि बँकेत हयात गेल्यामुळे मी वही घातली. तिच्यात दोन खाती : 'गरज' आणि 'चैन'.

शेजारचे राइस मिलवाले शेठजी हसले. "किती वाचवता साहेब, महिन्याला?"

"चाळीस युनिट."

"अन् तिरोडा पूर्ण चाललं तर तासाला तेहेतीस लाख युनिट काढते! तुमचे चाळीस पापणी लवायच्या आत तयार."

"मग शेठजी, एवढी पोती असताना सांडलेले चार दाणे झाडून का घेता?"

शेठजी गप्प झाले. वाद जिंकल्याच्या आनंदात मी त्या दिवशी दिवाणखान्यातला आणखी एक दिवा मालवला.

मे महिना आला. गोंदियाचा मे काय असतो, ते वैदर्भीयांना सांगायला नको. सगळ्यांची बिलं वर चढली, माझा आकडा मात्र खाली! मी वही बँकेत नेऊन चारचौघांना दाखवली. त्या दिवशी दुपारीच घरी आलो. आई भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर ओला टॉवेल, हातात पुठ्ठा. कूलर बंद.

"आई, कूलर का बंद?"

"तू त्याले चैनीत लिहिलं ना, बाबू? माझ्यापायी तुझा आकडा कायले वाढवू?"

मी वही उघडली. कूलर २०० वॅटचा. पाच तास चालला तर एक युनिट. तो चैनीत. आणि माझ्या खोलीतला एसी? रात्रीला निदान पाच युनिट. तो गरजेत; शेजारी माझ्याच अक्षरात शेरा : 'कामाच्या माणसाला झोप हवी.' म्हणजे माझी एक रात्र बरोबर आईच्या पाच दुपारी. हयातभर लोकांचे हिशेब तपासले. स्वतःचा अफरातफरीचा जमाखर्च रोज सकाळी आंघोळ करून लिहीत होतो!

कोळसा वाचवायला हवाच, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण वीज किती जळली, एवढंच मीटर सांगतो. ती कुणासाठी जळली आणि जी वाचली ती कुणाच्या घामानं वाचली, हे त्याला कळत नाही. त्याला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळू नये, हा कुठला न्याय? काटकसर स्वतःच्या सुखापासून सुरू झाली तरच तो गुण. दुसऱ्याच्या सुखापासून सुरू झाली तर ती नुसती जप्ती.

आता एसी बंद आहे. रात्री आम्ही सगळे आईच्या खोलीत, एका कूलरसमोर पथाऱ्या टाकतो. आकडा आणखी खाली आला. परवा मध्यरात्री आईनं मला हलवून उठवलं.

"बाबू, तुझं हे घोरणं कोणत्या खात्यात लिहिते रे?"